रेटिनाची सेवाज्येष्ठता

मधुमेह मला बंकटच्या आधी झाला, ही गोष्ट आमच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे. आधी म्हणजे चांगली चार-पाच वर्षं आधी. त्याला शुगर निघाली तेव्हा तो रडवेला होऊन माझ्याच ओट्यावर येऊन बसला होता. कारल्याचा रस कसा काढायचा, जांभळाच्या बियांची भुकटी कशी करायची, लग्नाच्या पंगतीत वाढप्याला न दुखावता ताटावर हात कसा आडवा धरायचा, हे सगळं त्याला मी शिकवलं. केजमध्ये आमच्या भागात कुणालाही शुगर निघाली की पहिला सल्ला माझा आणि मग डॉक्टरचा, असा रिवाजच होता. माझी हयात पंचायत समितीत आस्थापनेच्या टेबलावर गेली, त्यामुळे सेवाज्येष्ठता म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नाही. मागाहून रुजू झालेला माणूस आधी बढती घेऊन गेला की पुढच्याच्या जिवाचं काय होतं, ते मी टेबलापलीकडे बसलेल्यांच्या चेहऱ्यावर पुष्कळ पाहिलेलं आहे. आपल्यावर ती वेळ येईल, आणि तीही आजारपणात, असं वाटलं नव्हतं.

झालं असं, की बंकटच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके निघाले. शुगरमुळे. त्याला लातूरला नेलं आणि तिथं त्याच्या डोळ्यात इंजेक्शन दिलं. आता, दंडात आणि कमरेत इंजेक्शन कुणीही घेतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण डोळ्यात म्हटल्यावर ऐकणाऱ्याचा हातच आपोआप स्वतःच्या डोळ्यावर जातो. बंकट काळा चष्मा लावून परत आला, आणि त्याच संध्याकाळपासून त्याच्या घरी माणसांची रीघ लागली.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकंच बंधनकारक आहे. गेलं नाही तर पुढं वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा लोक येणार, याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार ही होती, की बंकटचं घर माझ्या घराच्या पलीकडे आहे आणि प्रत्येक जण माझ्या दारावरून जाताना मलाच विचारायचा, "इंजेक्शनवाले बंकटराव इथंच राहत्यात का?" मी बोट दाखवायचो. त्याच्या अंगणात जागा उरली नाही तेव्हा लोक माझ्या ओट्यावर चपला काढायला लागले. एक दिवस आमच्या खात्यातून निवृत्त झालेल्या साहेबांची गाडी थेट माझ्या फाटकासमोर थांबली. मी सदऱ्याची बटणं लावत पुढं झालो. साहेबांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, नाही असं नाही, पण ती त्यांनी चालता चालता केली. थांबले ते बंकटकडे.

याहून वाईट म्हणजे बंकट बोलायला लागला. वीज मंडळात खांबावर चढण्यात आयुष्य गेलेला हा माणूस आता आल्यागेल्याला पडदा समजावून सांगू लागला. डोळा म्हणजे खोली, पडदा म्हणजे तिची मागची भिंत, शुगरनं त्या भिंतीतल्या बारीक नळ्या झिरपायला लागतात, बीपीनंही लागतात, असं सगळं. मी एकदा मध्ये तोंड घालून कारल्याचा विषय काढला, तर तो सगळ्यांसमोर मायेनं म्हणाला, "आप्पा, तुमचं अजून साधं हाय. देवाच्या कृपेनं साधंच राहू द्या." साधं! एवढ्या वर्षांची माझी शुगर, तिला हा कालचा मधुमेही साधी म्हणतो. मी घरी आलो तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

मी हे शिवकन्येला सांगितलं. शिवकन्या म्हणजे आमचं कुटुंब. सांधेदुखीमुळं ती उठताना आधी जमिनीवर हात टेकते, मग भिंतीला धरते, आणि मग माझं म्हणणं खोडून काढते. ती म्हणाली, "त्या बिचाऱ्याचा डोळा गेला असता. तुमी कावून जळायलाव?" मी जळत नव्हतो. मी फक्त विचार करत होतो, की माझ्या पडद्याची अजून कुणी दखलच घेतलेली नाही.

त्यातच बंकटच्या घरून आमच्याकडे पेढे यायला लागले. भेटायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही, आणि मधुमेह्याला गोड नेऊ नये हे त्याच्या लक्षात राहत नाही. बंकटची बायको माया ते सगळं शिवकन्येकडे पाठवून द्यायची, समोरच्या दगडाबाईच्या घरात पोरं-सोरं आहेत त्यांना वाटून टाका म्हणून. शिवकन्या पुडा फडताळावर ठेवायची आणि मी तिकडून जायचो. खरं सांगतो, मला त्या पेढ्यांची अजिबात वासना नव्हती. मी ते रागानं खाल्ले. पण राग आला म्हणून पेढ्यातली साखर कमी होत नाही.

आठवड्याभरात मला पेपरातली अक्षरं अंधूक दिसू लागली. दुसऱ्या कुणाला यात घाबरायला झालं असतं. मी पेपर जवळ धरला, लांब धरला, एक डोळा झाकून पाहिला आणि माझी खात्री पटली, की पडद्याचं काम सुरू झालं. मी शिवकन्येला हाक मारून सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "चष्मा पुसा."

बसस्टँडजवळ हनुमानचं चष्म्याचं दुकान आहे. त्यानं माझ्या डोळ्यांपुढं काचा बदलल्या, पाटीवरची अक्षरं वाचून घेतली आणि नंबर चांगलाच बदललाय असं सांगितलं. मी नवा चष्मा केला. तो चष्मा लावून मी कॉलनीतून दोन चकरा मारल्या, आणि दगडाबाईनं विचारल्यावर "पडद्याचं आहे" एवढंच सांगितलं. दगडाबाईनं तळपायाला तूप चोळायला, पहाटे दवात भिजलेल्या गवतावरून अनवाणी चालायला आणि डोळ्यात मध घालायला सांगितलं. आमच्या भागात गवत शोधायचं तर कालव्यापर्यंत जावं लागतं, आणि आत एवढे पेढे गेल्यावर वरून डोळ्यात मध कशाला, म्हणून मी तुपावर भागवलं. तुपाच्या पायानं फरशीवर घसरलो, ते वेगळं.

पडल्यावर मी भानावर आलो. पेढे बंद केले, कारलं सुरू केलं, फिरणं वाढवलं. आणि थोड्याच दिवसांत नव्या चष्म्यातून काही दिसेना. मी हनुमानला धारेवर धरलं. त्यानं पुन्हा तपासलं, तर नंबर निराळाच निघाला. दुसरा चष्मा केला. तेवढ्यात बंकटला लातूरला दुसऱ्या इंजेक्शनची तारीख मिळाली, निरोप द्यायला अख्खी गल्ली जमली, आणि मी पुन्हा फडताळाकडे वळलो. दुसरा चष्माही बाद झाला. तिसऱ्या वेळी हनुमाननं काचा खाली ठेवल्या आणि हात जोडले. म्हणाला, "आप्पा, तुमचा नंबर भाजीच्या भावावाणी व्हायलाय. माझ्याच्यानं होत न्हाई. नांदूरघाटला आठवडाभर पडद्याच्या डॉक्टरचं शिबिर हाय, तिकडं दाखवा." माझा अपमान झाला होता, पण पडद्याचे डॉक्टर हे शब्द कानावर पडल्यावर मी तो गिळून टाकला.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. मी सकाळी काळीपिवळी जीपनं एकटाच गेलो. दाराशी टेबल टाकून बसलेल्या मुलीनं माझा कागद केला, आणि नातेवाईक कुठं आहे असं विचारलं. मी म्हणालो, पेशंट मी आहे, नातेवाईकाचं काय काम? ती म्हणाली, डोळ्यात थेंब टाकले की बाहुली मोठी होते, जवळचं दिसत नाही, ऊन सहन होत नाही, घरी कोण नेणार? मी तिला सांगितलं, की ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याच्या बदल्या हाताळल्या, तो स्वतःला नांदूरघाटहून केजपर्यंत नेऊ शकतो. ती म्हणाली, नियम आहे. आता, नियम आहे हे वाक्य मी स्वतः तीस वर्षं वापरलेलं आहे. त्यापुढं काही चालत नाही हे मला जितकं ठाऊक आहे तितकं कुणालाच नसेल. मी परत आलो.

बंकटला हे कळलं. तो काळ्या चष्म्यासह हजर झाला आणि नातेवाईक म्हणून यायला तयार आहे असं म्हणाला. त्याला तिथलं सगळं माहीत आहे, थेंब टाकल्यावर घाबरायचं नाही, हे तो मला वाटेत समजावून सांगणार होता. म्हणजे मी नवशिका आणि बंकट माझा हात धरून मला पडद्याच्या दालनात नेणार. त्यापेक्षा आंधळा झालेलं बरं, असं मला वाटलं. मी शिवकन्येला तयार केलं.

ती येत नव्हती. काळीपिवळीत पाय दुमडून बसायचं तिच्या सांध्यांना झेपत नाही. पण शेवटी आली. शिबिरात पुन्हा गर्दी. आमच्याकडे रांगेत घरातल्या एकानं नंबर धरून बसायचं आणि ज्याचं काम आहे त्यानं बाहेर पाय मोकळे करायचे, ही पद्धत आहे. बँकेत, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे. तेव्हा शिवकन्या माझा कागद घेऊन बाकावर बसली आणि मी मांडवाखाली जमलेल्या मंडळींना जांभळाच्या बियांविषयी सांगू लागलो. लोक मन लावून ऐकत होते. पुष्कळ दिवसांनी मला माझ्या जागी बसल्यासारखं वाटलं.

परत येऊन पाहतो तर शिवकन्या डोळे मिटून, मान मागं टाकून, गालावर कापूस धरून बसलेली. सिस्टरनं नंबर पुकारला, हिनं हात वर केला, सिस्टर म्हणाली वर बघा, हिनं वर बघितलं. संपलं. कागदावर नाव पुरुषाचं आहे हे सिस्टरनं पाहिलं नाही, आणि हिनं सांगितलं नाही.

"सांगायचं न्हाईस का, पेशंट मी हाय म्हणून?"

"तिनं पुसलंच न्हाई," शिवकन्या म्हणाली. "आणि मला वाटलं, सोबतच्याला बी घालत असत्याल."

माझे थेंब तिच्या डोळ्यात गेले होते. मी सिस्टरकडे तक्रार केली. तिनं कपाळावर हात मारला, मलाही थेंब घातले आणि म्हणाली, आता मावशींची बाहुली मोठी झालीच आहे तर मॅडमना दाखवून घ्या दोघंही. अशा रीतीनं पेशंट दोन आणि नातेवाईक शून्य अशी स्थिती झाली, आणि दाराशी बसलेल्या मुलीनं ज्या नियमासाठी मला परत पाठवलं होतं त्याचा बोजवारा उडाला. मला तेवढंच समाधान.

डॉक्टर मॅडमनी आधी मला घेतलं. डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून त्यांनी दोन्ही डोळ्यांत पाहिलं. वर बघा, खाली बघा, उजवीकडे, डावीकडे. मी श्वास रोखून धरला होता. त्या म्हणाल्या, "पडदा अगदी छान आहे."

मी त्यांना नीट बघायला सांगितलं. एखादा ठिपका, बारीकसा? त्या म्हणाल्या, एकही नाही. शुगर वरखाली झाली की डोळ्याचं भिंग फुगतं आणि उतरतं, त्यामुळं नंबर बदलत राहतो. पथ्य सांभाळा, शुगर स्थिर झाली की मगच चष्मा करा, आणि वर्षाला एकदा पडदा दाखवत जा. माझे दोन्ही नवे चष्मे एका वाक्यात निकालात निघाले. मी उठलो. स्वतःचे डोळे चांगले निघाल्यावर इतकं पडलेलं तोंड घेऊन कुणी बाहेर पडलं नसेल. बंकटला काय सांगायचं, हाच प्रश्न माझ्यापुढं होता.

मग शिवकन्या बसली. मॅडमनी तिच्या डोळ्यात पाहिलं. पुन्हा पाहिलं. भिंग पुसून आणखी एकदा पाहिलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही वाकून पाहिलं. माझ्यावर दोन मिनिटं खर्च झाली होती आणि इथं दोन-दोन डॉक्टर. मला राग आला, लपवत नाही. थेंब माझे, नंबर माझा, शुगर माझी, आणि बघतात हिला. भिंतीला टेकून मी अक्षरशः जळत होतो.

मॅडमनी विचारलं, "काकू, कोणती गोळी चालू आहे?"

"सांध्याची," शिवकन्या म्हणाली.

तिला नाव सांगता येत नाही. ते मीच पुढं होऊन सांगितलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. हा शब्द न अडखळता म्हणणारा आमच्या गल्लीत मी एकटा आहे, कारण दर महिन्याला मेडिकलमध्ये जाऊन ती मीच आणतो. रिकामं पाकीट नेऊन काउंटरवर ठेवायचं, तो तसलंच भरलेलं देतो. मी मॅडमना हेही सांगितलं, की सात-आठ वर्षं झाली, एक दिवस खाडा पडू दिला नाही.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "आणि डोळे कधी तपासले यांचे?"

मी म्हणालो, दुखणं सांध्याचं आहे.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. त्यांनी सांगितलं, की गोळी चांगली आहे, सांध्यांना तिनंच आराम पडला असेल. पण वर्षानुवर्षं घेतली तर कुणाकुणाच्या पडद्याच्या ऐन मध्यावर ती परिणाम करते. म्हणून डोस वजनावर ठरवायचा असतो आणि दरवर्षी डोळे दाखवायचे असतात. लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं का? बोलावलं होतं. तीन महिन्यांनी या म्हणाले होते. पण पाकीट दाखवलं की गोळी मिळत होती, मग अंबाजोगाईपर्यंत कशाला हेलपाटा घालायचा, असं मीच ठरवलं होतं.

मॅडमनी तिच्यापुढं मजकुराची पाटी धरली. शिवकन्या म्हणाली, "कडंची अक्षरं दिसत्यात. मधातली पुसल्यावाणी व्हत्यात." कधीपासून, असं विचारल्यावर म्हणाली, दोन वर्षं तरी झाली असतील. ती तांदूळ निवडायला दगडाबाईकडे पाठवायची, आणि मी समजत होतो की ही आळशी होत चालली आहे.

"मग घरात सांगितलं नाहीत?"

शिवकन्येनं माझ्या दिशेनं मान वळवली. "यांची शुगर हाय न्हवं," ती म्हणाली. "घरात एक पेशंट हाय की. दोघं दोघं कशाला."

मॅडमनी मग पुढचं सांगितलं, ते मी ऐकलं पण माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. सांध्याच्या डॉक्टरांना लगेच भेटून ही गोळी थांबवायची, दुसरी चालू करायची. लातूरला पडद्याचा फोटो आणि नजरेचा नकाशा काढायचा. गेलेलं परत येईल याचा भरवसा नाही. उरलेलं राखायचं, आणि ते राखता येईल अशी आशा आहे.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ऊन डोळ्यात सुयांसारखं घुसत होतं. दोघांच्याही बाहुल्या मोठ्या, कुणालाच धड दिसत नव्हतं. मी तिचा हात धरला. नांदूरघाटच्या भर रस्त्यात, बाजाराच्या दिवशी, माणसांदेखत. ती म्हणाली, "सोडा, लोक बघत्याल." मी म्हणालो, बघू दे, आपल्याला दिसत न्हाईत. पण पहिली काळीपिवळी आमच्यासमोरून निघून गेली तरी मला हाक मारता आली नाही.

लातूर झालं, अंबाजोगाई झालं, गोळी बदलली. मग आमच्या दारावर रीघ लागली. साहेबांची गाडी आमच्याच फाटकासमोर थांबली आणि साहेब आमच्याच घरात शिरले. चपला माझ्या ओट्यावरून बंकटच्या अंगणापर्यंत गेल्या. ज्या दृश्यासाठी मी दोन चष्मे आणि किलोभर पेढे खर्ची घातले होते, ते माझ्यापुढं उभं होतं, आणि मला आलेल्या प्रत्येक माणसाला हात धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. पडद्याची माहिती बंकटच सांगायचा. मी बोलत नव्हतो. मी भेटायला आलेल्या प्रत्येक बाईला एवढंच विचारायचो, की तुम्हाला कसली गोळी चालू आहे आणि ती दाखवून आणता की पाकीट नेऊन.

एका दुपारी बंकट एकटाच आला. त्याचा काळा चष्मा गेला होता आणि डोळा सुधारला होता. तो माझ्या उजव्या हाताच्या खुर्चीत ऐसपैस बसला. समोर खाटेवर शिवकन्या होती. ती माझ्याशी बोलत होती आणि बघत मात्र बंकटकडे होती. सारखी, एकटक. बंकटही जरा सावरून बसला आणि हसला. ज्येष्ठता गेली, साहेब गेले, आता बायकोही बोलताना याच्याकडे बघणार?

मग मला कळलं. लातूरच्या डॉक्टरांनी तिला शिकवलं होतं. समोर पाहिलं की ऐन मधलं पुसतं, म्हणून ज्याला बघायचं त्याच्या जरा शेजारी नजर लावायची. मग कडेनं तो माणूस दिसतो.

"बंकट, ऊठ तिथून," मी म्हणालो.

"कावून आप्पा?"

"ती मला बघायलीय."

बंकट उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. शिवकन्या त्या रिकाम्या खुर्चीकडे टक लावून बघत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, "दाढी कावून केली न्हाई वो आज?"